शेवाळ्यांना न आवडलेला सिनेमा

“‘छातीठोक’ शुक्रवारी गाव सोडतोय म्हणे, शेवाळ्यांना शेवटी तो...” एवढंच मला गिरणीत ऐकू आलं, कारण तेवढ्यात गिरणीवाल्याने पट्टा चढवला आणि पुढचं सगळं ज्वारीबरोबर दळून निघालं.

‘छातीठोक’ हा सिनेमा आहे, आणि दिवाळीपासून तो आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, शेवाळ्यांच्या घरी राहायला होता. मी त्यांच्या समोरच्या दारात राहते. म्हणजे ही बातमी गिरणीत जायच्या आधी माझ्याकडे यायला हवी होती. मी पीठ गरम असतानाच डबा उचलला आणि तरातरा घरी निघाले.

नवख्या माणसाला थोडं सांगायला हवं. आमच्या तळवडीत एकच टॉकीज आहे, सुवर्णरेखा. तिथे लागलेला सिनेमा गावातल्या प्रत्येकाला आवडल्याशिवाय गाव सोडू शकत नाही. हा नियम कुणी केला ते माहीत नाही, पण घरपट्टीसारखा आहे, आहे म्हणजे आहे. बहुतेक सिनेमे एकदोन आठवड्यांत सगळ्यांना आवडून पुढच्या गावाला जातात. ‘छातीठोक’ तर पहिल्याच रविवारी सगळ्यांना आवडला. मलाही आवडला, खोटं कशाला बोलू. आईच्या प्रसंगात मी एवढी रडले की आमच्या ह्यांचा रुमाल मागून घ्यावा लागला. फक्त शेवाळे भाऊजींना आवडला नाही.

विनायक शेवाळे म्हणजे भांडणारा माणूस नव्हे हो. मिक्सर, पंखे दुरुस्त करायचं दुकान आहे त्यांचं. सरळ, हळू बोलणारा माणूस. खेळ सुटल्यावर दारात टॉकीजचे मॅनेजर भास्करराव कासार सगळ्यांना विचारत होते, “आवडला ना?” सगळे हो म्हणत पुढे सरकत होते. शेवाळे थांबले आणि म्हणाले, “नाही आवडला.” रांग तिथेच तुंबली.

आता आमच्याकडे माणसाला एखादी गोष्ट आवडली नाही असं होत नाही. त्याचा मान करायचा राहिलेला असतो. लग्नात एखादा मामा फुगून मांडवाच्या खांबाला टेकून बसला तर भाजीत मीठ कमी आहे का असं कुणी विचारत नाही, टॉवेल-टोपी घेऊन धावतात. त्यामुळे सगळ्या गावाने ठरवलं की शेवाळे रुसलेत. तिकीट देताना नाव नीट घेतलं नसेल, खुर्ची मागची मिळाली असेल. कासार आमच्याच इमारतीत खाली राहतात. ते चार मंडळी घेऊन वर आले, शेवाळ्यांना पाटावर बसवलं, कुंकू लावलं, टॉवेल खांद्यावर, टोपी डोक्यावर, नारळ हातात.

“आता?” कासारांनी विचारलं.

शेवाळ्यांनी टोपी चाचपून बघितली. “टोपी मापाची आहे,” ते म्हणाले. “सिनेमा नाही आवडला.”

मग नगरपालिकेने टोपी दिली, व्यापारी मंडळाने दिली, भजनी मंडळाने दिली. उर्मिलाच्या कपाटात टॉवेलची चळत लागली. उर्मिला म्हणजे शेवाळ्यांची बायको. नारळ एवढे झाले की त्यांच्याकडे महिनाभर वरणातही ओलं खोबरं होतं. शेवटी दिवाळीच्या पाडव्याला खुद्द ‘छातीठोक’च बॅग घेऊन दारात उभा राहिला.

“शेवाळे!” तो म्हणाला. आधी ढोल वाजला होता, मग हे. मग जरा डावीकडून म्हणाला, “शेवाळे!” मग उजवीकडून, “शेवाळे!”

“एकदा हाक मारली तरी कळतं मला,” शेवाळे म्हणाले. “या, बसा. पाणी घेणार?”

तेव्हापासून तो राहिला. मान राहिलाय तर घरी राहूनच फेडायचा, असा त्याचा हिशेब. सिनेमा घरात राहतो म्हणजे कसा राहतो, असं माझी नणंद फोनवर नेहमी विचारते. पाहुणा राहतो तसाच राहतो. सकाळी डबा घेऊन टॉकीजला जायचा, रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळ करायचा, कारण पडदा अजून त्याच्याच नावावर होता, आणि संध्याकाळी परत यायचा. स्वभावाने वाईट नाही. गॅसची टाकी एका हाताने वर आणून द्यायचा, फक्त संथ गतीत, त्यामुळे अख्खी दुपार जायची. तो उभा राहिला की आपोआप वारा सुटायचा, तेव्हा उर्मिला धुणं त्याच्या पुढ्यातच वाळत घालायची. माझ्या कुरडयाही मी तिथेच नेऊन ठेवल्या. गाणं आलं की मात्र पंचाईत. एकदा भाकऱ्या चालल्या असताना स्वयंपाकघरभर सूर्यफुलाचं शेत पसरलं.

“हे बघा,” उर्मिला काटवटीत हात तसाच ठेवून म्हणाली, “शेत, घोडे, पाऊस, जे काय असेल ते हॉलमध्ये. ओट्याच्या अलीकडे नाही.”

त्याने ते ऐकलं. तेव्हापासून घोडे तो गॅलरीत बांधायचा.

हे एवढंच असतं तर चाललंही असतं. पण दरम्यान दुसरा सिनेमा आला.

तो संक्रांतीच्या सुमारास एसटी स्टँडवर उतरला. सुवर्णरेखात पुढे त्याचा नंबर होता. पडदा अडलेला, म्हणून स्टँडवरच्या बाकावर बसून राहिला. शेवाळे पार्सलने आलेली पंख्याची मोटार सोडवायला तिकडे गेले होते. त्यांना तो पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर दिसला आणि ते त्याला घरी घेऊन आले. ‘शिडी कुणाची’ असं त्याचं नाव. लहानसा, अंगाने बारीक, आवाज असा की पंखा बंद केला तरच ऐकू यावा. चपलांच्या स्टँडशेजारी बसायचा. वर बसा म्हटलं तर म्हणायचा, “इथं बरं आहे, ताई.”

आणि तो विझत चालला होता. ज्या सिनेमाला पडदा मिळत नाही त्याचा उजेड कमी होत जातो. आला तेव्हा त्याच्या प्रकाशात उर्मिलाने गहू निवडले होते, आणि माघ सरेपर्यंत त्याच्यातून भिंतीवरचं कॅलेंडर वाचता यायला लागलं. कासार येऊन बघून गेले, हात लावून बघितला, मान हलवली. “हा शुक्रवार तग धरेल,” म्हणाले. “पुढचा नाही धरणार.”

मी तो पहिल्यांदा बघितला तो विरजण मागायला गेले तेव्हा. आता विरजण माझ्याकडे होतं. पण दोन सिनेमे एका घरात राहतात म्हटल्यावर कुठल्या बाईला दही लागणार नाही? दारातच थांबले आणि खाली बघितलं, तर त्याच्यात एक माणूस शिडी खांद्यावर घेऊन गल्लीतून चालला होता. शेजाऱ्याकडून आणलेली, परत द्यायची राहून गेलेली. आता परत द्यायला निघालाय, तर तो शेजारी घर सोडून गेलेला. एवढंच. पुढे तो घरोघरी विचारत जातो आणि प्रत्येक घरी कुणी ना कुणी म्हणतं, आलाच आहात तर जरा शिडी लावता का. कुणाचा पतंग अडकलेला, कुणाचा बल्ब गेलेला. दार उघडतं, थोडं घर दिसतं, आतली माणसं दिसतात, एकमेकांशी बोलत नाहीत तेही दिसतं, आणि दार लागतं.

आमचे हे म्हणाले, “त्यात काही घडतच नाही.” आता मी तीस वर्षं संसार केला त्यांच्याबरोबर, पण माणूस कधी कधी असं बोलतो की परका वाटतो. काही घडत नाही म्हणजे? पिवळ्या दाराच्या घरातली सून शिडी धरताना सासूकडे बघत नव्हती! का बघत नव्हती? मी वाटी हातात घेऊन तासभर उभी होते. पाय भरून आले तरी कळलं नाही. असा सिनेमा असतो हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

पण शेवट कळेना. तो माणूस पुलाजवळ पोहोचला की उजेड संपायचा. दुसऱ्या दिवशी गेले तर पुलाच्या अलीकडेच संपला. तिसऱ्या दिवशी पिवळ्या दारापाशीच. शिडी ज्याची त्याला मिळाली की नाही, हे मला कळायलाच हवं होतं. त्या सिनेमाला मी विचारलंही. तो म्हणाला, “मलाही आता नीटसं दिसत नाही, ताई.” मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तेव्हा उर्मिलाने नवऱ्याला गळ घातली होती. “एकदा आवडला म्हणा की! तुमचं काय जातंय? हा मोठा जाईल, पडदा मोकळा होईल, हा लहान वाचेल.”

शेवाळ्यांनी विचार केला, कासारांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “आवडला.” ‘छातीठोक’ने तिथल्या तिथे ढोल वाजवला, गुलाल उधळला, मला वाकून नमस्कार केला, सामान टेम्पोत चढवलं. टेम्पो जकात नाक्यापर्यंत गेला आणि तिथे थांबला. ड्रायव्हर म्हणाला, इंजिन चालू आहे, चाकं फिरतायत, पण गाव मागे जात नाही. संध्याकाळी सगळं सामान पुन्हा वर. ‘छातीठोक’ सोफ्याच्या कोपऱ्यात बसून राहिला. वारा नाही, काही नाही.

“तोंडदेखली आवड नियमात बसत नाही,” कासार म्हणाले. “मी आधीच सांगणार होतो, पण गुलाल बघून राहून गेलं.”

“मला बरं वाटावं म्हणून म्हणालात ना?” ‘छातीठोक’ने शेवाळ्यांना विचारलं. एकाच बाजूने, हळू.

“नाही,” शेवाळे म्हणाले. “ह्याला बरं वाटावं म्हणून,” आणि त्यांनी चपलांच्या स्टँडकडे बोट दाखवलं.

तर अशी सगळी परिस्थिती असताना मी गिरणीतून ती अर्धी बातमी घेऊन आले. तो गुरुवार होता. डबा घरात न ठेवताच शेवाळ्यांकडे शिरले.

“उर्मिला, भाऊजींना आवडला म्हणे?”

उर्मिला पोळ्या लाटत होती. “कुठला आवडतोय? बातमी मीच सोडली, भाजीवालीकडे. म्हटलं सगळ्या गावातून परत यांच्या कानावर आली तर यांनाच खरी वाटेल.”

“तुझ्या मेल्या युक्त्या,” मी म्हटलं. मनातून म्हटलं, मला का नाही सुचलं?

शेवाळे खुर्चीवर बसून पंख्याचं पातं पुसत होते. ‘छातीठोक’ सोफ्यावर. लहान सिनेमा स्टँडशेजारी, आता एवढा फिका की मी जवळजवळ त्याच्यावर पाय ठेवला होता. त्याच्यातला माणूस घरातून निघालाही नव्हता. शिडी भिंतीला टेकवून नुसता उंबऱ्यात उभा. मी डबा खाली ठेवला आणि शेवाळ्यांच्या समोर स्टूल ओढलं.

“भाऊजी,” मी म्हटलं, “सगळ्यांनी तुम्हाला राग कशाचा आला ते विचारलं. मी ते विचारत नाही. पण तीन तास तुम्ही तिथे डोळे मिटून तर बसला नव्हतात ना? कशाकडे तरी बघितलं असेल की. कशाकडे बघितलंत?”

शेवाळ्यांनी पातं मांडीवर ठेवलं. मी तशी बोलणं तोडणारी बाई, पण त्या दिवशी थांबले.

“लग्नाचा प्रसंग आहे ना,” ते म्हणाले, “हा घोड्यावरून भिंत फोडून येतो तो.”

“टाळ्या पडतात तिथे!” ‘छातीठोक’ सोफ्यावरून उठलाच.

“तिथे सगळे पळतात. मागे कोपऱ्यात एक म्हातारा आहे. तो पळत नाही. एक लोखंडी घडीची खुर्ची उलगडतो, उपरण्याने पुसतो आणि एका उभ्या बाईला बसायला देतो. ती बसते. तो बघतो ती नीट बसली का, आणि जातो.” शेवाळ्यांनी नाक ओढलं. “ते मला फार आवडलं. पुढचा सगळा सिनेमा मी त्या म्हाताऱ्याची वाट बघत होतो. तो परत आलाच नाही. मग मला बाकीचं काही आवडेना.”

उर्मिला लाटणं घेऊन दारात आली होती.

“कोण म्हातारा?” ‘छातीठोक’ने विचारलं.

त्यालाच माहीत नव्हतं. मग त्याने शोधायला सुरुवात केली. आधी घोडे बाहेर काढले, मग नाचणाऱ्या पोरी, त्यांना आम्ही जिन्यात उभं केलं. खलनायक आणि त्याची माणसं माझ्या हॉलमध्ये बसली, आमच्या ह्यांनी त्यांना चहा विचारला. आईला मी स्वतः हाताला धरून पलंगावर बसवलं. भिंत बाहेर काढली, फुटायच्या आधीची आणि नंतरचीही. सगळं निघाल्यावर अगदी तळाशी, कोपऱ्यात, म्हातारा खुर्ची काखेत धरून उभा होता.

“तुम्ही आमच्यातलेच?” ‘छातीठोक’ने विचारलं. ढोल वाजला नाही.

“होय साहेब,” म्हातारा म्हणाला. “पहिल्या खेळापासून.”

“बसा ना.”

“नको. कुणाला लागेल,” म्हणून त्याने खुर्ची उलगडून मलाच दिली. मी बसले. मी नीट बसले का ते त्याने बघितलं. शेवाळे माझ्याकडे बघून असे हसले की त्या माणसाला एवढा आनंद होऊ शकतो हे मला समोर राहून कधी दिसलं नव्हतं.

कासारांना वर बोलावलं. त्यांनी चष्मा लावला, म्हाताऱ्याकडे बघितलं, जिन्यातल्या पोरींकडे बघितलं, बसून घेतलं.

“हा भाग सगळ्या गावाला आवडला का?”

“आम्हाला दिसलाच नव्हता,” मी म्हटलं. “आता दिसला. आवडला.” खाली हाका मारल्या. जो तो येऊन बघून गेला. म्हाताऱ्याने प्रत्येकाला खुर्ची पुसून दिली. त्यात न आवडण्यासारखं काही नव्हतंच.

“मग हा भाग सुटला,” कासार म्हणाले. “सकाळच्या गाडीने जाऊ शकतो. उरलेला सिनेमा राहील.”

“आणि पडदा?” उर्मिलाने विचारलं.

कासारांनी छताकडे बघितलं. नियम ते तिथूनच वाचतात. “सिनेमाचं गावातून प्रस्थान झालं की पडदा मोकळा होतो. किती प्रस्थान झालं पाहिजे याबद्दल नियम गप्प आहे.”

“म्हणजे झाला मोकळा?”

“वहिनी, नियम गप्प आहे म्हटल्यावर आपण कशाला बोलायचं?”

शुक्रवारी सकाळी आम्ही म्हाताऱ्याला स्टँडवर पोहोचवायला गेलो. उर्मिलाने दशम्या बांधून दिल्या होत्या. ‘छातीठोक’ने त्याच्या खांद्यावर टॉवेल घातला, डोक्यावर टोपी घातली, नारळ दिला. घरात होतेच. कंडक्टर म्हणाला, खुर्चीचं लगेज पडेल. म्हातारा म्हणाला, उभ्याने जातो, खुर्चीवर त्या बाईंना बसवतो. गाडीत खरंच एक बाई उभी होती. गाडी नाक्यापाशी गेली, आमचा जीव वरखाली झाला, आणि गाडी निघून गेली.

दुपारच्या खेळाला ‘शिडी कुणाची’ पडद्यावर चढला. शेवाळ्यांनी त्याला उचलून नेलं होतं, कारण त्याला चालवत नव्हतं. सुरुवातीला पडद्यावर नुसतं पांढरं कापड दिसलं. लोक चुळबुळायला लागले. मी उठून ओरडले, “गप बसा रे, तो उंबऱ्यात उभा आहे!” आणि मग खरंच उंबरा दिसला, मग भिंत, मग शिडी, आणि त्या माणसाने शिडी उचलून खांद्यावर घेतली. पिवळ्या दारापाशी येईपर्यंत एवढा लख्ख उजेड पडला की मला पुढच्या रांगेतल्या कासारांच्या मानेवरचा तीळ दिसला. तो पुलावर पोहोचला. पुलाच्या पलीकडे गेला. पुढे काय झालं ते मी सांगणार नाही, ज्याने त्याने जाऊन बघावं. पण माझी भूक परत आली, एवढं सांगते.

लोकांचं म्हणाल तर निम्मे मध्यंतरात घरी गेले. आमचे हे झोपले. मंडईतला एक हमाल मात्र पुढच्या खेळाचं तिकीट काढून तिथेच बसून राहिला. म्हणजे सगळ्यांना आवडेपर्यंत हा सिनेमा आता आमच्याकडे बरेच दिवस राहणार. कासार म्हणाले, वर्ष लागेल. मला चालेल. त्या सुनेचं अजून मला पुरतं कळलेलं नाही.

‘छातीठोक’ही आला होता. शेवटच्या रांगेत बसला होता. मध्ये एकदा ढोल वाजवायला गेला, तेव्हा शेवाळ्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि तो थांबला.

खेळ सुटल्यावर दारात गर्दी झाली. पानपट्टीवाला फळीवरून वाकून मला विचारत होता, “काकू, ‘छातीठोक’ गेला म्हणे गावातून?”

मी उत्तर देणार, तेवढ्यात मागून वारा आला, माझा पदर उडाला, आणि माझ्या खांद्यावरून ‘छातीठोक’च त्याला म्हणाला, “थोडाफार गेलो.”